पावसाळ्यापुरती टेलिफोनबाई

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईकडे किस्से मोरीतल्या शेवाळासारखे साठतात. मुद्दाम कोणी लावत नाही, आणि कितीही घासलं तरी जात नाहीत. आमच्या त्या वेळच्या स्टाफमधल्या आता मी आणि हिल्डा अशा दोघीच उरलोय. हिल्डा मरोळची, ईस्ट इंडियन, बोर्डावर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. परवा मला म्हणाली, "यमू, तू लिही गो. नायतर मी सांगीन, आणि मी सांगितलं तर तुझं काय शिल्लक राहनार नाय."

म्हणून लिहिते. निदान माझी फजिती माझ्या शब्दांत व्हावी.

माझं शिक्षण मराठी चौथी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाला शोधून काढल्याचा आनंद व्हायला नको. इंग्रजी मी वाण्याच्या पुड्यांवरून आणि बिस्किटांच्या डब्यांवरून शिकले. त्यामुळे 'थंड आणि कोरड्या जागी ठेवा' हे वाक्य मी इंग्रजीत बिनचूक म्हणायची. बाकीचं सगळं जरा ओलसर.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. अंधेरीला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं छोटंसं एक्स्चेंज होतं. ज्याच्या घरी फोन, तो फोनचा दांडा फिरवायचा. की इकडे आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरची पितळी झडप खट्कन खाली पडायची. आम्ही त्याच्या भोकात प्लग घालायचा, "नंबर प्लीज" म्हणायचं आणि दुसऱ्या प्लगने हवा तो नंबर जोडून द्यायचा. डॉक्टर, पोलीस, बंब, दूधवाला, सगळे आमच्या हातातून जायचे.

पावसाळ्यात शहरातून येणाऱ्या मुली वाटेत अडकायच्या. म्हणून चालत येऊ शकेल अशी एक बाई पावसाळ्यापुरती नेमायची पद्धत होती. ती मी. वादळ होवो, खांब पडो, पाणी भरो, लाइनी चालू ठेवायच्या एवढंच माझं काम. कागदोपत्री मी 'टेंपररी', आणि स्टाफमध्ये 'पावसाळी बाई'. म्हणजे छत्रीसारखीच. दसरा आला की मिटून कोपऱ्यात.

सुपरवायझर गोडबोलेसाहेबांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "यमुनाबाई, अडचणीच्या प्रसंगी नीट काम केलंत तर दसऱ्याआधी कायम करायची शिफारस करीन." नाही तर काय, हे मला सांगायची गरज नव्हती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चिपळूणला दिराच्या घरी जायचं आणि जन्मभर त्याच्या चुलीपुढे बसायचं. सासूबाई माझ्याजवळ राहायच्या. मी कायम व्हावं म्हणून माझ्यापेक्षा जास्त नवस त्यांनी बोलले होते, कारण धाकट्या सुनेच्या हातची आमटी त्यांना माहीत होती.

तर एवढं सगळं माझ्या अडचणीच्या प्रसंगांवर अवलंबून होतं. आता प्रसंग ऐका.

०

पहिली मोठी वीज चमकली तेव्हा हिल्डा चहाला गेली होती. बोर्डावर मी एकटी. आभाळ कडाडलं आणि माझ्यासमोरच्या सगळ्या झडपा एकदम धडाधड खाली पडल्या.

वीज तारांवर उतरली की झडपा आपोआप पडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, सगळी अंधेरी एका वेळी हाका मारतेय. अशा वेळी घाबरणारी बाई मी नव्हे. पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. "नंबर प्लीज." कोणी बोलेना. दुसरा, तिसरा. कोणीच बोलेना. माझ्या मनात आलं, माणसं बेशुद्ध पडली असतील. म्हणून मी प्रत्येकाला उलट घंटी वाजवायला सुरुवात केली.

विजा होत असताना फोन उचलू नका, असं आमच्याच ऑफिसने सगळ्यांना बजावून ठेवलेलं. आणि ऑफिसातूनच बाई एकेकाला उठवून फोन घ्यायला लावतेय!

शेवटी एका तबेलेवाल्याने उचलला. म्हणाला, "बाई, मी फोन केलेलाच नाही. तुम्ही केलाय. आता सांगा, काय पाहिजे?"

काय सांगणार? म्हटलं, "अर्धा शेर दूध."

हिल्डा परत आली तेव्हा दूध आलेलं होतं.

०

आमच्याकडे एक कार्ड होतं. बोर्डावर डोळ्यांसमोर टांगलेलं. ऑपरेटरने कोणती वाक्यं बोलायची ती त्यावर इंग्रजीत छापलेली. नंबर प्लीज, लाइन एंगेज्ड आहे, प्रयत्न करते आहे, कृपया रिसीव्हर खाली ठेवा, अशी मोजकी. त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. कोणी सुखदुःख सांगायला लागला तरी नाही. गोडबोलेसाहेबांचा या कार्डावर फार विश्वास. "माणूस कितीही घाबरलेला असो, बाई, त्याला देण्यासारखं उत्तर कार्डावर आहे," असं म्हणायचे.

रेल्वेच्या रुळांलगतच्या सखल भागात पाणी भरलं त्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. मागे बायकामुलांचा गलका. "अहो बाई, घरात पाणी शिरलंय, बंबवाल्यांना जोडा."

बंबाची लाइन गुंतलेली. मी कार्ड पाहिलं आणि म्हटलं, "लाइन एंगेज्ड. प्लीज रिप्लेस युवर रिसीव्हर."

"म्हणजे काय करू?"

गोडबोलेसाहेब माझ्या मागेच उभे. मराठीत सांगितलं तरी वाक्य कार्डावरचंच असलं पाहिजे. म्हटलं, "रिसीव्हर जागेवर ठेवा."

"ठेवतो हो. पण जागा आत्ताच दारातून बाहेर गेली. टेबलासकट."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कार्डाकडे पाहिलं. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "धरून ठेवा म्हणावं."

०

लाइनमन सखाराम. खांबावर चढण्यात पटाईत, पण जमिनीवर उभं राहून बाईमाणसाशी बोलायचं म्हटलं की त्याचे पाय लटपटायचे.

गणपतीच्या सुमारास वारा सुटला आणि वेसाव्याकडे जाणारा एक खांब कलला. तार खाली आली, अगदी हाताला लागेल इतकी. तुटली मात्र नव्हती, लाइन चालू होती. सखाराम दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर ती ओढायला गेला आणि तसाच परत आला.

"काय झालं रे?"

"ताई, तारेवर बोंबील हायत."

कोळीवाड्यातल्या एका बाईने आयती तार बघून तिच्यावर बोंबील वाळत घातले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जबड्यात जबडा अडकवून. सखारामने काढायला सांगितलं तर तिने कोयता दाखवला म्हणे.

मी म्हटलं, "चल, मी येते. बघते कोण ती." गोडबोलेसाहेबांनाही बरं वाटलं. कायम व्हायला निघालेल्या बाईने एवढं तर करायलाच हवं.

वेसाव्याला जाऊन मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "ही तार सरकारची आहे," म्हटलं.

ती टोपलीवर बसली होती. वर न बघता म्हणाली, "तार सरकारची हाय. म्हावरा माजा हाय."

"वादळात हीच तार तुमच्या उपयोगाची. होड्या आल्या नाहीत तर पोलिसांना फोन कुठून लावाल?"

"बोंबील हायत म्हनून फोन लागत नाय?"

सखाराम मागून म्हणाला, "लागतोय. जरा खरखर हाय."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खांबावरच चढला. पण बाण सुटून गेला होता. ती बाई उठली, माझ्याजवळ आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ऊन जायच्या आदी पल्टी करून घे. त्या टोकाशना तू धर, या टोकाशना मी येतंय."

मी अंधेरीहून तिला हाकलायला गेले होते आणि संध्याकाळपर्यंत तिचे बोंबील उलटे करून आले. येताना तिने जुडीभर दिले. हिल्डाने ते मागच्या पडवीत स्टोव्हवर भाजले. गोडबोलेसाहेब नाकाला रुमाल लावून बसले होते. विचारलं, "लाइनीचं काय झालं?"

म्हटलं, "परवापर्यंत वाळतील."

०

आता शौर्याची गोष्ट.

भाद्रपदात एका दुपारी एक्स्चेंजमध्येच पाणी शिरलं. आधी उंबऱ्यावर, मग बोर्डाखाली, मग आमच्या पायांना. सखाराम आणि दोन गडी बॅटऱ्यांची काचेची भांडी उचलून टेबलांवर ठेवत होते. गोडबोलेसाहेब धोतर वर खोचून आले. "बायकांनी उठावं. घरी जावं. इथून पुढे पुरुष बघतील."

हिल्डा उठली. मी नाही.

"यमुनाबाई, उठा."

"नाही."

"बाई, पाणी वाढतंय."

"वाढू दे."

"मी सुपरवायझर म्हणून सांगतोय."

"मी ऑपरेटर म्हणून बसलेय. नंबर प्लीज." हे शेवटचं एका डॉक्टरांना, कारण झडपा पडतच होत्या, आणि बसलेच आहे तर जोडून देते असं मी ठरवलं होतं.

साहेबांचे डोळे भरून आले. अशी निष्ठा त्यांनी पाहिली नव्हती. ते तसेच आतल्या खोलीत गेले आणि रिपोर्टात लिहून आले की पाणी चढत असताना या बाईने आपली जागा सोडली नाही.

सोडणार कशी? बोर्डाच्या प्रत्येक दोरीला खाली एक वजन असतं. प्लग सोडला की वजनाने दोरी कप्पीवरून आत ओढली जाते. पाणी पाहून मी दचकले तेव्हा माझा पदर त्या कप्पीत गेला होता. मी उठले असते तर पदराशिवाय उठले असते.

साहेबांची पाठ वळल्यावर हिल्डा वाकून खाली बघायला लागली. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुला काय आनू? मेडल की कात्री?"

कात्री आणली. महिनाभराने सखारामला दुरुस्ती करताना कप्पीत लुगड्याचा तुकडा सापडला. तो सगळ्यांना दाखवत म्हणाला, "बघा, आपल्याकडचे उंदीर पन नऊवारी नेसतात."

०

त्या रिपोर्टामुळे माझं पारडं इतकं जड झालं की ते हलकं करायला मला दुसऱ्याच आठवड्यात संधी मिळाली.

शहरातल्या ऑफिसातले मोठे साहेब, म्हणजे माझ्या नेमणुकीवर ज्यांची सही व्हायची ते, त्यांनी आणीबाणीचा सराव ठेवला. ते स्वतः फोन करून कुठलं तरी संकट सांगणार आणि आम्ही किती झटपट काम करतो ते पाहणार. आम्हाला आधीच कळवलेलं. गोडबोलेसाहेब सकाळपासून नवं उपरणं घेऊन बसलेले.

फोन आला. "आग लागली आहे," मोठे साहेब म्हणाले.

"कुठे?" मी विचारलं.

हा प्रश्न त्यांच्या तयारीत नसावा. मग म्हणाले, "समजा, अंधेरीत."

"समजा, बंब निघाला," मी म्हटलं.

तिकडून फोन ठेवल्याचा खट्कन आवाज आला. इकडे गोडबोलेसाहेबांनी उपरणं काढून खुर्चीवर ठेवलं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या जिभेला पगार मिळाला असता तर आत्तापर्यंत बंगला झाला असता आपला." आणि थोड्या वेळाने, "चिपळूणला आमटीत ती गूळच घालत नाही गं."

०

हस्ताचा पाऊस लागला तेव्हा दसरा तोंडावर होता.

असा पाऊस की झाडं आडवी, खांब आडवे. शहराकडे जाणाऱ्या आमच्या लाइनी एकेक करून गेल्या. एक उरली. अख्ख्या अंधेरीला, जोगेश्वरीला शहराशी बोलायचं तर ती एकच वाट. गोडबोलेसाहेबांनी हुकूम काढला, "जिवावरचं काम असेल तरच ही लाइन द्यायची. व्यापारी नाही, वकील नाही, कोणी नाही." हुकूम माझ्या स्वभावाला मानवणारा होता. सकाळपासून मी अंधेरीतल्या बऱ्याच प्रतिष्ठित माणसांना नाही म्हटलं होतं आणि मन प्रसन्न होतं.

दुपारी शहराकडूनच त्या लाइनीवर फोन आला. मोठे साहेब.

"यमुनाबाईच बोलताहेत का?"

म्हटलं, हो. गोडबोलेसाहेब धावत माझ्यामागे येऊन उभे राहिले. हिल्डाने छातीवर क्रूस काढला.

"त्याचं असं आहे बाई," मोठे साहेब म्हणाले, "की तुमच्या नेमणुकीचा जो प्रश्न आमच्यापुढे विचारासाठी होता, त्यासंबंधी गोडबोले यांचा रिपोर्ट, तुमचं शिक्षण, तुमचं वय, तसंच सरावाच्या दिवशी तुम्ही मला दिलेलं उत्तर, या सर्व गोष्टी एकत्रितपणे लक्षात घेता, आणि आणीबाणीच्या प्रसंगी लागणाऱ्या माणसांची गरज ध्यानात ठेवूनही, आम्ही अशा निर्णयावर आलो आहोत की..."

जोगेश्वरीच्या दवाखान्याची झडप पडली.

मी कळ फिरवून तिकडे कान दिला. डॉक्टर ओरडत होते, "बाई, तबेल्यातल्या माणसाला साप चावलाय. घामाने निथळतोय, बोलता येत नाही. माझ्याकडे सीरम नाही. शहरातलं हॉस्पिटल जोडा, आत्ताच्या आत्ता."

मी कळ परत फिरवली. "साहेब, लाइन हवी आहे."

"अहो, मी जे सांगतोय ते आधी..."

मी प्लग काढला आणि हॉस्पिटल जोडलं.

हिल्डाने विचारलं, "काय म्हनाले?"

"निर्णय झालाय."

"काय झालाय?"

"ते 'की'च्या पुढे होतं."

गोडबोलेसाहेब जवळच्या स्टुलावर बसले. मोठे साहेब पुन्हा फोन करतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. पण डॉक्टरांचं बोलणं संपतं न संपतं तोच ती शेवटची लाइनही गेली.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "'की'पर्यंत आलं होतं ना? मग पुढचा एक शब्द ऐकायचास."

"आणि तो माणूस?"

"तो काय एका शब्दात मरत होता?"

लाइन बंद होती तोवर मी रोज कामावर जात होते, कारण येऊ नका असं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सासूबाई ट्रंकेत कपडे भरत होत्या आणि परत काढून ठेवत होत्या.

मग जोगेश्वरीच्या डॉक्टरांनी कळवलं. गाड्या बांद्र्यापर्यंत चालू होत्या. हॉस्पिटलच्या माणसाने सीरम तिथवर आणलं आणि पुढे पाण्यातून चालत दवाखान्यात पोचवलं. ते टोचायची तयारी चालली होती तेवढ्यात तबेल्यातली माणसं तो साप मारून घमेल्यात घालून घेऊन आली. डॉक्टरांनी पाहिला. पाणदिवड. बिनविषारी. माणूस निव्वळ भीतीने आडवा झाला होता. साप कोणता ते सांगितल्यावर उठून बसला आणि म्हशींची वेळ झाली म्हणून निघून गेला.

हिल्डा हसून हसून रडली. मी रडत नाही, म्हणून नुसती बसून राहिले. निदान नागाने तरी नोकरी खायची.

रस्ता मोकळा झाला त्या दिवशी मोठे साहेब स्वतः आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, मोज्यांचे बोळे खिशात. गोडबोलेसाहेब उभे राहिले, सखाराम उभा राहिला, हिल्डासुद्धा उभी राहिली. माझ्या बोर्डावर झडप पडली होती, म्हणून मी बसूनच होते.

"माझा फोन कोणी तोडला?"

"मी," म्हटलं.

"कशासाठी?"

"साप चावला होता."

"विषारी?"

गोडबोलेसाहेब खोकले. मी म्हटलं, "दिवड."

मोठ्या साहेबांनी बूट खाली ठेवले. "म्हणजे बिनविषारी."

"हो. पण ते फोनवरून दिसत नाही."

"बाई, मी तुमच्याच नोकरीबद्दल बोलत होतो. हे तुम्हाला कळत होतं?"

"कळत होतं."

"शेवटचा एक शब्द राहिला होता. तेवढा ऐकून मग तोडला असता तर काय बिघडलं असतं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला कार्डावरचं कुठलंही वाक्य चाललं असतं. एकही आठवलं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "तुमची वाक्यं फार लांब असतात."

सखाराम दाराबाहेर गेला. हिल्डाने डोळे मिटले. गोडबोलेसाहेब भिंतीकडे बघायला लागले. मोठे साहेब स्टूल ओढून बसले, एकेक मोजा पिळून पायात घातला, मग बूट घातले, नाड्या बांधल्या. उठले. दारापर्यंत गेले, तिथे थांबले आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"कायम," म्हणाले, आणि गेले.